प्रभाताईंचा आजार, मुकुंदरावांची फाईल

प्रभाताई गेल्याची बातमी मुकुंदरावांनी आमच्या दारात उभं राहून सांगितली. सकाळची वेळ होती. खाली गेटपाशी ऑफिसच्या कॅब लागायला सुरुवात झाली होती. "प्रभा गेली. इस्पितळातून फोन होता," एवढंच ते म्हणाले. मग जन्मभर बायकोच्या शिस्तीत राहिलेल्या माणसासारखं त्यांनी चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत आले. खुर्चीत बसतात न बसतात तोच शर्टाच्या खिशातला फोन वाजला. चष्मा आणलेला नव्हता, म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. हेब्बाळच्या पॉलिक्लिनिकमधून आलेला संदेश होता. प्रिय मुकुंद, गर्भाशयाच्या कर्करोगाच्या फेरतपासणीची तुमची वेळ जवळ आली आहे, आजच नाव नोंदवा. खाली एक हसरा चेहरा होता. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही. नेहमीचंच." ते खरंच नेहमीचं होतं. मुकुंदरावांना हा आजार कधीच नव्हता. तो प्रभाताईंना होता, आणि त्यातच त्या गेल्या. पॉलिक्लिनिकच्या नोंदींत मात्र तो पहिल्यापासून मुकुंदरावांच्या नावावर होता आणि आजही आहे.

प्रभा निगुडकर मूळच्या सांगलीच्या. नोकरीसाठी तरुण वयात बंगळुरूला आल्या आणि इथल्याच झाल्या. सरकारी संशोधन संस्थेत तपासणी विभागात त्यांनी पूर्ण नोकरी केली. बाहेरून तयार होऊन आलेले धातूचे सुटे भाग तपासायचे आणि सदोष असतील ते परत पाठवायचे, हे त्यांचं काम. नापास झालेल्या भागावर लाल मेणपेन्सिलनं फुली मारायची पद्धत होती. निवृत्त होताना त्यांनी संस्थेकडून आठवण म्हणून घड्याळ घेतलं नाही, तशी एक पेन्सिल मागून घेतली. ती त्यांच्या फोनच्या टेबलावर कपात उभी असे आणि रोज वापरली जाई. सोसायटीच्या नोटिशीत खोटा तपशील असला तर त्यावर फुली. गळक्या दुधाच्या पिशवीवर फुली मारून ती परत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं सैल ठेवलेल्या पट्टीवर फुली, तीही तो माणूस लिफ्टमध्ये उभा असताना.

त्यांच्याशी मैत्री होणं सोपं नव्हतं. आमची झाली ती फळांच्या गाडीवर. देवनहळ्ळीहून एक फळवाला पपनसं घेऊन यायचा. तो त्याला चकोता म्हणायचा. प्रभाताई एकेक फळ उचलून हातात तोलायच्या, देठ बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. "अक्का, स्वल्प नोडी, आजचीच आहेत," तो अजिजीनं म्हणायचा. "बघतेच आहे. तू पण बघ, म्हणजे उद्या ही आणणार नाहीस," असं त्या कन्नडमध्ये सुनवायच्या. त्या दिवशी मी त्यांनी बाजूला ठेवलेलं एक फळ घेतलं. त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "ते मी नापास केलंय." मी म्हटलं, "मला चालेल." त्या म्हणाल्या, "चालेल म्हणणारी माणसंच देश चालवतात, म्हणून असा चालतो." संध्याकाळी दार वाजलं. त्यांनी स्वतः निवडलेलं, सोललेलं पपनस डब्यात घालून आणलं होतं. माझं फळ आतून सुकलेलं निघालं होतं, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

लोक त्यांना तापट समजत. ते चूक होतं. त्या रागावलेल्या मला फारशा आठवत नाहीत. त्यांना शिसारी यायची. घाईनं केलेलं, वरवर पुसून चकाकवलेलं, आतून पोकळ असं काही समोर आलं की त्यांचा चेहरा नासकं दूध हुंगल्यासारखा व्हायचा. फोनवर येणारे जाहिरातींचे संदेश हा त्यातलाच प्रकार. ओळख नसलेल्या दुकानानं आपल्याला प्रिय म्हणावं, हे त्यांना ओंगळ वाटे. म्हणून त्या स्वतःचा नंबर कुणालाही देत नसत. गॅसवाला, वीज, बँक, पॉलिक्लिनिक, सगळीकडे मुकुंदरावांचा नंबर. "अहो, तुम्हाला काय, तुम्ही सगळं वाचून विसरता," असं त्या म्हणत, आणि मुकुंदराव ते मान्य करत. ते एका सरकारी कारखान्यात आरेखक होते. शांत माणूस. समोर येईल ते गोड मानून घेणारा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे सर्रास चालतं. घराला एक नंबर असतो, तो बहुधा पुरुषाचा असतो, आणि बाकीची माणसं त्या नंबराखाली राहतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रभाताईंनाही वाटलं नव्हतं.

पॉलिक्लिनिकमध्ये पूर्वी प्रत्येक पेशंटची पुठ्ठ्याची फाईल असे आणि काउंटरवरची मुलगी नाव वाचून कागद आत घाली. मग ते क्लिनिक एका मोठ्या साखळीनं घेतलं. भिंतींना हिरवट रंग आला आणि काउंटरवर स्कॅनर बसला. बाहेरच्या प्रयोगशाळांतून येणारे कागद गठ्ठ्यानं त्यात जात. पुढचं काम संगणक करी. कागद कुणाचा हे तो वाचे, त्या पेशंटच्या फायलीत लावे, संबंधित डॉक्टरला सूचना आणि पेशंटला संदेश पाठवे. माणसाचा हात लागू नये हाच त्यातला अभिमानाचा भाग होता. तसा फलकही दारात होता.

गुढीपाडव्याच्या सुमारास प्रभाताईंना रक्त दिसलं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल प्रयोगशाळेतून आला तो त्या बाई व्हाइटफील्डच्या शाखेत बदलून गेल्यानंतर. कागदावरच्या नावावर प्रयोगशाळेचा शिक्का उमटला होता, त्यामुळे नाव नीट लागत नव्हतं. फोन नंबर स्वच्छ होता. संगणकानं नंबर घेतला, त्या नंबराखाली सर्वांत आधी नोंदलेला पेशंट शोधला आणि अहवाल त्याच्या फायलीत लावला. तो पेशंट म्हणजे मुकुंदराव. त्यांचे डॉक्टर मधुमेहाचे. सूचना त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी, किंवा त्यांच्या वतीनं कुणीतरी, ती पाहिल्याची खूण केली. मुकुंदरावांना संदेश आला की तुमच्या फायलीत नवीन कागद यशस्वीरीत्या जमा झाला आहे. त्यांना वाटलं, साखरेचा असेल.

प्रभाताईंनी चौकशी केली नाही असं नाही. त्या स्वतः काउंटरवर गेल्या होत्या. मुलीनं पडद्यावर पाहून सांगितलं, "मॅडम, पेंडिंग काहीच दिसत नाही. सगळे कागद फाईल झालेत." मग काळजीचं काही आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, काही असतं तर डॉक्टरांनी बोलावलं असतं. रक्त थांबलं होतं. प्रभाताई घरी आल्या. पुढे त्यांनी मला एकदाच सांगितलं, "दाखला हातात आल्याशिवाय भाग पुढे सोडायचा नाही, हा माझ्याच विभागाचा नियम. माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं, तर मेमो दिला असता मी." त्यांनी स्वतःला तेवढं मात्र सुनावलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

दसऱ्याच्या आधी मुकुंदराव साखर तपासायला गेले. नेहमीचे डॉक्टर नव्हते, एक तरुण डॉक्टर होता. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे कॉफीला होते. मुकुंदराव चांगल्या मूडमध्ये होते. "आज काय मजा झाली सांगू," ते म्हणाले. "तो पोरगा पडद्यावर बघतो, मग माझ्याकडे बघतो, पुन्हा पडद्यावर बघतो. म्हणतो, सर, युटेरसचं ऑपरेशन झालं का? मी म्हटलं, अजून नाही. म्हणतो, मग लवकर करून घ्या." ते स्वतःच्याच गोष्टीवर हसले. मीही हसले. प्रभाताईंनी कप बशीत ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या, "आणखी काय म्हणाला?" मुकुंदराव आठवू लागले. "काही नाही गं. त्याला कुणीतरी हाक मारली..." आणि बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं असं दिसलं. प्रभाताई उठल्या आणि चपला घालू लागल्या.

लवकर कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं मी इथे लिहू शकत नाही. तसं छातीठोकपणे कुणीही सांगितलेलं नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पाडव्याच्या अहवालात आजार अस्तरापुरता दिसत होता. दसऱ्याच्या तपासणीत तो बाहेर पसरलेला होता. यापुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

उपचार सुरू झाले. केस गेले, जेवण गेलं. फळांच्या गाडीपर्यंत जाणंही थांबलं. त्या सगळ्यात प्रभाताईंनी एकच मागणी धरून ठेवली. पॉलिक्लिनिकनं तो अहवाल त्यांच्या फायलीत हलवावा आणि त्यावर एक ओळ लिहावी. कधी आला, कुठे पडून होता, कधी हलवला. नुकसानभरपाईचा विषय कुणी काढला की त्यांचा चेहरा तसाच, नासकं दूध हुंगल्यासारखा व्हायचा. वकील असलेल्या एका शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं. त्यांना त्या म्हणाल्या, "पैसे घेतले की माल पास झाला असा अर्थ होतो. मला हा पास करायचा नाही." मला म्हणाल्या, "मी ज्यानं मरणार आहे ते माझ्या नावावर पाहिजे. दुसऱ्याच्या नावावर मरायचं म्हणजे काय?"

आम्ही तिघं तिथे गेलो. पेशंटचा अनुभव चांगला व्हावा यासाठी तिथे एक व्यवस्थापक नेमलेला असतो. तो तरुण नुकताच पुण्याहून आलेला होता. आडनाव ऐकताच खुलला. "अरे वा, तुम्ही पण मराठी! बसा ना काकू."

"मॅडम म्हणा," प्रभाताई म्हणाल्या.

"सॉरी मॅडम. अ‍ॅक्चुअली सिस्टिमनं काहीच लूज केलेलं नाहीये. डॉक्युमेंट एकदम सेफ आहे."

"कुठे आहे?"

"सरांच्या फाईलमध्ये."

"सरांना गर्भाशय आहे का?"

तो हसला. हसावं की नाही हे न ठरवता हसला. "नाही, ते बरोबर आहे. पण नंबर सेम आहे ना, मग सिस्टिम फॅमिली म्हणून बघतं."

"आणि तुम्ही काय म्हणून बघता?"

त्यानं हात पुढे केला. अहवालाची प्रत आमच्याकडून घेतली आणि म्हणाला, "आत्ता तुमच्यासमोर पुन्हा स्कॅन करतो. दोन मिनिटांचं काम." कागद यंत्रात गेला. पडद्यावर हिरवी खूण आली. "झालं," तो म्हणाला. त्याच क्षणी मुकुंदरावांच्या खिशातला फोन वाजला. मुकुंदरावांनी संदेश वाचून दाखवला नाही, नुसता फोन टेबलावर ठेवला. नवीन कागद तुमच्या फायलीत यशस्वीरीत्या जमा झाला होता.

व्यवस्थापकानं पडदा स्वतःकडे वळवला. मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आता काय झालंय मॅडम, सिस्टिमनं हे लर्न केलंय. आपण जितक्या वेळा देऊ तितकं ते कॉन्फिडंट होत जातं. बॅकएंडला सांगावं लागेल." प्रभाताईंचा स्वतंत्र नंबर घेऊन नवी फाईल उघडतो, असंही त्यानं सुचवलं. मग जुनीचं काय, असं त्यांनी विचारलं. ती तशीच राहील, म्हणाला. "मग नको," त्या म्हणाल्या. "मी काल जन्मलेली नाही." ती एक ओळ लिहिण्याबद्दल त्याचं म्हणणं असं पडलं की तसं लिहायला सिस्टिममध्ये जागाच नाही. निघताना त्यानं आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं. शिपायानं एक फुलांचा गुच्छ आणि संपूर्ण शरीरतपासणीचं मोफत कुपन आणून दिलं. प्रभाताईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढली, कुपनावर फुली मारली आणि ते गुच्छात खोचून परत दिलं. खाली येऊन ऑटोत बसल्यावर मला म्हणाल्या, "राग येत नाही बघ. राग माणसावर येतो. त्या मुलावर काय रागवायचं, तो तिथे आहे कुठे? गोम अंगावरून गेल्यासारखं वाटतंय नुसतं." ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. "सरी, ठीक आहे, सावकाश चला," त्या त्याला म्हणाल्या, जणू त्यानंच काही विचारलं होतं.

त्यानंतर त्यांनी अनेक पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला लगेच उत्तर यायचं, आणि प्रत्येक उत्तर सारखंच असायचं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, त्याची योग्य पातळीवर दखल घेतली आहे. मी वर्तमानपत्रात हजारो वाक्यं तपासली आहेत, त्यांत वाईटही पुष्कळ होती. पण कुणाचंही नसलेलं, कुणालाही उद्देशून नसलेलं, तरीही इतकं सौजन्यानं ओथंबलेलं वाक्य वाचलं की हात धुवावेसे वाटतात. प्रभाताई ती उत्तरं छापून घ्यायच्या, प्रत्येकावर फुली मारायच्या आणि परत पाठवायच्या. शेवटी शेवटी पेन्सिल धरवत नसे. मुकुंदराव त्यांच्या हातावर हात ठेवून ओढत. एक रेघ दोघांनी, मग दुसरी. "नीट मध्यावर छेदली पाहिजे," त्या म्हणायच्या. "नाहीतर बरोबरची खूण वाटते."

त्या गेल्या तेव्हा अहवाल होता तिथेच होता.

दिवस झाल्यावर मुकुंदराव एकटे पॉलिक्लिनिकमध्ये गेले. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. व्यवस्थापक तोच होता. त्यानं उभं राहून सांत्वन केलं आणि मग सांगितलं की बॅकएंडचं उत्तर आलेलं आहे. मॅडमची फाईल आता बंद झाली. मृत्यूची नोंद झाली की फाईल आपोआप बंद होते आणि बंद फायलीत सिस्टिम कागद घेत नाही. तेव्हा अहवाल तिकडे नेणं आता शक्य नाही. पण सरांच्या फायलीतून तो कायमचा काढून टाकता येईल. "तुमची फाईल एकदम क्लीन होईल, सर. ते मेसेजेस पण बंद होतील. तुम्हाला किती त्रास होत असेल." एका बटणाचं काम होतं आणि त्याचं बोट तिथे पोचलंही होतं.

मुकुंदराव जन्मात कुणाला नाही म्हणाले नव्हते. तेच मला सांगत होते, "मी त्याचा हात धरला गं. मी म्हटलं, काढू नका. जाईल तर तिच्याच फायलीत जाईल. नाहीतर इथेच राहील." तो म्हणाला, पण सर, मग तुमच्या नावावर कॅन्सर राहील. मुकुंदराव म्हणाले, राहू दे. "तिथून काढलं की तो कुठेच नाही. मग ती कशानं गेली?"

तेव्हा तो तिथेच आहे. मुकुंदराव साखरेच्या तपासणीला जातात. समोर बहुधा नवा डॉक्टर असतो. पडद्यावर पाहतो, त्यांच्याकडे पाहतो, आणि अडखळत तोच प्रश्न विचारतो. मुकुंदराव खुर्ची पुढे ओढतात आणि सांगायला लागतात. नाव प्रभा, राहणार हेब्बाळ, पाडव्याला रक्त दिसलं, कागद कधी आला, कुठे लागला, कुणी पाहिल्याची खूण केली. बाहेर पेशंट खोळंबतात. ते सगळं सांगून संपवतात. प्रभाताईंना हवी होती ती ओळ लिहायला सिस्टिममध्ये जागा नाही, म्हणून ते ती तोंडी भरतात.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. फोनच्या टेबलावरचा कप रिकामा होता. पेन्सिल कुठे गेली म्हणून पाहिलं, तर ती मुकुंदरावांच्या शर्टाच्या खिशात होती, फोनच्या शेजारी. आता ते तपासणीला जाताना प्रभाताईंच्या अहवालाची एक प्रत घेऊन जातात, तिच्यावर फुली मारतात आणि काउंटरवरच्या गठ्ठ्यात ठेवून येतात. गठ्ठा कुणी चाळत नाही. यंत्र कागद ओढतं, हिरवी खूण येते आणि ते जिना उतरेपर्यंत खिशात फोन वाजतो. त्या दिवशी त्यांनी मला त्यांची फाईल फोनवर उघडून दाखवली. साखरेच्या आकड्यांमध्ये अधूनमधून तेच पान लागलेलं होतं. स्कॅनरला रंग कळत नाहीत, लाल फुली काळी उमटते. मुकुंदरावांनी चष्मा लावून एकेक पान नीट मोठं करून पाहिलं.

"मध्यावरच छेदलीय ना?" त्यांनी विचारलं.